चतुःसीमा निरंक

कोल्हापूर
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय आक्का,

सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. दाजी गेल्यावर तू नदीकाठचं गाव सोडून उचगावला आलीस, ते लांब आहे असं म्हणायची सोय नाही. केएमटीच्या बसने पंचवीस मिनिटं लागतात. या सात वर्षांत मी दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि परत फिरले. एकदा तू दारात धुणं वाळत घालत होतीस. हे तुला कळवावं की नाही, यावर आज सकाळचा चहा गार झाला.

तू माझ्याशी का बोलत नाहीस ते मला माहीत आहे. दाजी नदीत गेले त्याच्या बाराव्या दिवशी तू मला विचारलंस, "तू वकील हायस न्हवं? मग सांग की, कुठल्या दारात जाऊ?" मी म्हणाले, हद्दच ठरत नाही, आक्का. काही होणार नाही. तू "बरं" म्हणालीस, आणि तेव्हापासून आपल्यात एवढंच आहे. त्या उत्तराबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. आज धीर होत नाही, म्हणून आधी दुसरंच सांगते.

मी आता कोर्टात जात नाही. लॉ कॉलेजात शिकवते, हे तुला कुणीतरी सांगितलं असेल. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून इथले वकील जरा ताठ चालतात. त्याच भरात आमच्या प्राचार्यांनी अभिरूप न्यायालयाची राज्य स्पर्धा यंदा कोल्हापुरात घ्यायचं कबूल केलं. अभिरूप न्यायालय म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेला लुटुपुटूचा खटला. घटना बनावट असते, कायदा मात्र खरा लावावा लागतो. यंदा पहिल्यांदाच मराठीत बोलायची मुभा आहे. आमच्या संघाची तयारी माझ्याकडे आली, कारण विषय पाहून बाकीच्यांनी आपापल्या मुलांच्या परीक्षा पुढे केल्या.

विषय ऐकून तू हसशील. चंद्राभोवती फिरणारं एक अवकाशस्थानक आहे. त्याला दोन खोल्या, मध्ये एक दार. एक खोली एका देशाच्या नावावर नोंदलेली, दुसरी दुसऱ्या देशाच्या. इकडे पृथ्वीवर त्या दोन देशांत युद्ध पेटतं. पहिल्या खोलीतला सेनाधिकारी पलीकडच्या चौघांना शरण यायला लावतो. ते शरण येतात. मग तो आपल्या खोलीत बसून त्यांच्या खोलीची हवा बंद करतो. चौघे मरतात.

शरण आलेल्याला मारणं हा युद्धगुन्हा. अशा गुन्ह्यांसाठी हेगला एक आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. काही देश त्याचे सभासद आहेत, आपला देश नाही. गुन्हा सभासद देशाच्या भूमीवर, नाहीतर त्याच्या जहाजावर किंवा विमानात घडला, किंवा आरोपी सभासद देशाचा नागरिक असला, तर ते न्यायालय खटला घेऊ शकतं. इथे आरोपी बाहेरच्या देशाचा. चौघे मेले ते सभासद देशाच्या खोलीत. पण ती खोली भूमी नाही, जहाज नाही, विमानही नाही, आणि अवकाशात कुणाचीच भूमी नसते, असा १९६७चा करार आहे. मग न्यायालयाची हद्द तिथवर पोचते का? फिर्यादी पक्ष आमच्याकडे आला आहे. पोचते, असं आम्हाला सिद्ध करायचं आहे.

हद्द हा शब्द वाचला आणि मी तो कागद दिवसभर पालथा ठेवला होता.

तुझी,
संयू


सोमवार, १९ जानेवारी

प्रिय आक्का,

पहिलं पत्र अजून रोजनिशीतच आहे. तरी दुसरं लिहायला बसले. न पाठवता लिहिणं सोपं जातं. यात खोट आहे हे मला कळतं.

संघात दोघं आहेत. ऋतुराज ताराबाई पार्कातला, डॉक्टरांचा मुलगा, इंग्रजीत पुस्तकं पालथी घालतो. वर्षाराणी शिरोळची. तिचे वडील तहसील कचेरीसमोर टेबल टाकून दस्त लिहितात: खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र. ही सातवीत असल्यापासून त्यांच्या हाताखाली लिहिते. आपल्याकडच्या मुलींसारखी "मी जातो, मी येतो" म्हणते. अक्षर छापल्यासारखं.

पंधरा दिवसांपूर्वी लेखी निवेदनाचा पहिला मसुदा तिने माझ्यासमोर ठेवला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं:

मौजे चंद्रकक्षा येथील मिळकतीची चतुःसीमा. पूर्वेस: परदेशाची खोली, मध्ये दार. पश्चिमेस: निरंक. दक्षिणेस: निरंक. उत्तरेस: निरंक. खाली: चंद्र (अंतर बदलते).

"ही काय भानगड आहे?" मी विचारलं.

"चतुःसीमा, मॅडम."

"ती कळली. इथे कशाला?"

"जागेचा कागद हाय न्हवं? पप्पा म्हणत्यात, चतुःसीमा न्हाय तो कागद न्हवं, चिठ्ठी."

ऋतुराज खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "मग गट नंबर पण टाक की. मी चंद्राचा सातबारा काढून आणतो तलाठ्याकडनं."

"तलाठी जाग्यावर गावला तर आण," ती म्हणाली. तिचं तोंड मात्र उतरलं होतं.

मी तांबड्या पेनाने ते अख्खं पान खोडलं. परवा छपाईला देताना तिने जुनीच फाईल झेरॉक्सवाल्याला दिली. नऊ प्रती बांधून, शिक्का मारून, आयोजकांकडे पोचत्या झाल्या. आज माझ्या हातात आमची प्रत आली तर पहिल्या पानावर चंद्र. एकदा दिलेलं निवेदन बदलता येत नाही, असा नियम आहे. नऊ परीक्षकांसमोर, मुंबई-पुण्याच्या संघांसमोर कोल्हापूरचं हसं होणार.

मी तिला बोलले. जरा जास्तच बोलले. "हे काय तुझ्या पप्पांचं टेबल आहे काय?" असं म्हणाले. तिने पिशवी उचलली आणि एसटीला गेली.

एवढा राग कशाचा होता, हे मी घरी येऊन स्वतःला विचारलं. नाव जाईल म्हणून? थोडा त्याचा असेल. पण खरं सांगते आक्का, अशी चतुःसीमा मी आधी एकदा पाहिलेली आहे. दाजींच्या वेळच्या घटनास्थळाच्या पंचनाम्यात. पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी, उत्तरेस पाणी. तो कागद तू माझ्या हातात दिला होतास. त्या कागदाच्या जोरावर अलीकडच्या ठाण्याने पलीकडे बोट दाखवलं, आणि पलीकडच्या, कर्नाटकातल्या ठाण्याने अलीकडे.

उद्या वर्षाराणीची माफी मागायची आहे. तुझी मागायला सात वर्षं लागली, तिची चोवीस तासांत मागता आली तर बघते.

संयू


शुक्रवार, ३० जानेवारी

आक्का,

आज सांगते.

वर्षाराणीची माफी मागितली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मॅडम, पप्पा ह्याच्यापेक्षा बेक्कार बोलत्यात." आणि कामाला लागली. उपांत्य फेरी आम्ही काल जिंकलो. अजून त्या पानाबद्दल कुणी विचारलेलं नाही.

आज दुपारी ती फौजदारी प्रक्रियेचं पुस्तक घेऊन आली. "मॅडम, हे कलम तुम्ही वर्गात घेतला न्हाईसा."

ते कलम असं आहे. गुन्हा नेमका कुठल्या हद्दीत घडला याची शंका असेल, किंवा थोडा इथे आणि थोडा तिथे घडला असेल, तर त्यांतल्या कुठल्याही हद्दीतलं न्यायालय तो चालवू शकतं. जुन्या संहितेत एकशे अठ्ठ्याहत्तर नंबर होता, नव्यात एकशे अठ्ठ्याण्णव. चार ओळींचं आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल.

"आपल्या कायद्यानं हे कवाच सोडवलंय की," ती म्हणाली. "हेगला जाऊन हेच सांगायचं."

मी खाली पडलेला खडू शोधायला वाकले. खडू पडलेला नव्हता.

मी ते कलम वर्गात कधीच घेत नाही, आक्का. पाच वर्षं शिकवते आहे. त्या पानापाशी आले की "हे घरी वाचा" म्हणते आणि पुढे जाते.

तू मला विचारलंस त्या दिवशी हे कलम मला पाठ होतं. मी तेव्हा ज्या साहेबांच्या ऑफिसात बसत होते, तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर त्या ठेकेदाराची फाईल होती. ज्याच्या होडीतून दाजी बुडालेला पंप काढायला गेले, तोच ठेकेदार. फाईलमध्ये काय होतं ते मी वाचलं नाही. वाचलं असतं तरी तुला सांगता आलं नसतं, वकिलाला ते बंधन असतं. पण कलम पुस्तकात छापलेलं आहे. ते सांगायला मला कुणीही अडवलं नव्हतं. मला माझं टेबल जाईल अशी भीती वाटली. आणखी काही नाही.

मी खोटं बोलले का? यावर मी स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केला आहे. "काही होणार नाही" हा माझा अंदाज होता, तो चुकीचा असू शकतो, खोटा नव्हे. हा झाला बचाव. पण "हद्द ठरत नाही, म्हणून जाता येत नाही" हे खोटं होतं. हद्द ठरत नसेल तर दोन्ही दारं उघडी असतात. मी तुला दोन्ही बंद आहेत असं सांगितलं. दोन वर्षांनी ते ऑफिस सोडलं, पण तुला तेव्हाही सांगितलं नाही.

पाकिटात घातलं. तिकीट लावलं. पेटीपर्यंत जाऊन परत आणलं.

संयू


रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

आम्ही जिंकलो.

काल अंतिम फेरी होती. सभागृह गच्च भरलेलं. समोर मुंबईचा संघ, बचाव पक्ष. मोना नावाची त्यांची मुलगी काय बोलते म्हणून सांगू. पाणी वाहावं तसं. तिचं म्हणणं सरळ होतं: कायद्यात भूमी लिहिली आहे, जहाज लिहिलं आहे, विमान लिहिलं आहे. अवकाशयान लिहिलेलं नाही. फौजदारी कायदा ताणायचा नसतो, ताणला की उद्या कुणालाही पकडता येईल. जिथे भूमी नाही तिथे हद्द नाही. मला मनातून पटत चाललं होतं, आणि त्याची भीती वाटत होती. कारण सात वर्षांपूर्वी माझंही म्हणणं हेच होतं, फक्त मी ते इतकं छान मांडलं नव्हतं.

मग वर्षाराणी उठली. अंतिम फेरीला तीनच परीक्षक, मधल्या खुर्चीवर नागपूरच्या एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी चष्मा वर केला आणि आमच्या निवेदनाचं पहिलं पान उघडलं.

"फिर्यादी पक्ष, हे 'मौजे चंद्रकक्षा' काय आहे?"

सभागृहात हशा पिकला. मागून कुणीतरी "सातबारा आणलाय काय?" असं ओरडलं. वर्षाराणीने माझ्याकडे पाहिलं. मार्गदर्शकाने खूण करायची नाही, असा नियम आहे. मी मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिले. नियम नसता तरी मी तिकडेच पाहिलं असतं.

"महोदया," ती म्हणाली, "हे चुकून राहिलेलं पान आहे. पण आता विचारलंत तर सांगते." पहिली दोन वाक्यं तिने पुस्तकी मराठीत नीट म्हटली. मग तिची नेहमीची बोली आली आणि मला वाटलं, संपलं. आता मला वाटतं, तिथेच ती सुरू झाली.

"माझे वडील शिरोळात दस्त लिहितात. जागा कागदावर आली की तिच्या चार बाजू लिवाव्या लागतात. ह्या खोलीच्या बाजू लिवायला बसलो, तर तीन बाजूंला काय सापडंना. तीनदा निरंक लिवलं. चौथ्या बाजूला दार हाय. दाराच्या पल्याड एक माणूस हाय आणि त्याच्या हातात हवेची किल्ली हाय. बचाव पक्षाला जागा दिसत न्हाय, तर न दिसू दे. दार तरी दिसायला पायजे."

आता कुणी हसत नव्हतं.

"पण दार म्हणजे भूमी नव्हे," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"न्हवंच, महोदया. पण नोंद हाय. आमच्याकडं महापुरात शेतं नदीखाली जातात. बांध दिसत न्हाईत, झाडं दिसत न्हाईत, चारी बाजूंला पाणी. म्हणून ते शेत कुणाचंच न्हवं, असं तलाठीसुदीक म्हणत न्हाय. सातबारा पाण्यात बुडत न्हाय. १९६७च्या करारानं अवकाशात कुणाला जमीन दिली न्हाय. पण जी वस्तू ज्या देशाच्या नोंदवहीत, तिच्यावर आणि तिच्यातल्या माणसांवर त्या देशाचा अधिकार ठेवला. जमीन न देता अधिकार ठेवला, तो कशासाठी? आत कुणी मेलं तर कुणीतरी विचारावं म्हणून. जहाज आणि विमान कायद्यात घातलं तेबी ह्याच कारणानं, कारण समुद्राच्या मध्यावर त्यांच्या खालीबी कुणाची जमीन नसती."

ऋतुराजने तेवढ्यात पुढे होऊन तिच्या हातात एक कागद दिला. अवकाशात सोडलेल्या वस्तूंची नोंद कशी ठेवायची, याचा १९७५चा करार. देताना हळूच म्हणाला, "घे, सातबारा." माईक चालू होता. न्यायाधीश बाईंनासुद्धा हसू आवरलं नाही.

उजवीकडचे परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किल्ली फिरवली ती बाहेरच्या देशाच्या खोलीत. कृत्य तिथे घडलं. मग तुमची हद्द शंकास्पद नाही का?"

"हाय की. मरण मात्र आमच्या खोलीत घडलं, आणि मरण हा गुन्ह्याचाच भाग हाय. थोडा तिथं, थोडा इथं. अशा वेळी आपली संहिता सांगते, दोन्हीतलं कुठलंबी न्यायालय चालंल. हेगवर आपली संहिता बंधनकारक न्हाय, हे मला म्हायती हाय. पण त्यातला विचार कुठंबी खरा हाय, महोदय. हद्दीची शंका असली की दारं वाढतात. कमी होत न्हाईत."

आक्का, मी शिकवलेली नाही ती ओळ. मी तर ते पान उलटून पुढे जाणारी बाई. माझ्यासमोर, माझ्या विद्यार्थिनीने, चारशे माणसांत ते वाक्य म्हटलं आणि त्याला टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते अभिमानाने आलं की शरमेने, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. दोन्ही असेल.

निकाल एकमताने लागला नाही. उजवीकडच्या परीक्षकांनी विरोधी मत दिलं. दोन विरुद्ध एक. न्यायालयाची हद्द पोचते. न्यायाधीश बाईंनी निकाल वाचताना म्हटलं, "चुकून राहिलेलं पान हाच या निवेदनाचा पाया आहे." पोरांनी शिट्ट्या मारल्या. प्राचार्य नको नको म्हणेपर्यंत कुणीतरी गुलाल उधळला. ऋतुराजचा पांढरा शर्ट गेला. मोनाने येऊन वर्षाराणीला मिठी मारली आणि तिचा काळा कोटही गुलाबी करून घेतला.

वर्षाराणीचे वडील शेवटच्या रांगेत बसले होते. खिशाला चार पेनं. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, तुमच्या मुलीने नाव काढलं. त्यांनी निवेदनाची प्रत माझ्या हातात दिली. म्हणाले, "समदं बरोबर हाय, मॅडम. पर 'अंतर बदलते' हे कंसात लिवायला नको हुतं. सीमेत कंस चालत न्हाय." मग तोंड फिरवून त्यांनी बराच वेळ उपरण्याने चष्मा पुसला.

मी ट्रॉफीबरोबर फोटो काढून घेतला नाही. मुलं चिडली. त्यांना कारण सांगता आलं नाही, तुला सांगते: तुला न सांगता मी त्या फोटोत उभी राहू शकत नव्हते.

आता कायद्याचं सांगते, कारण ते तुला कळणं हा तुझा हक्क आहे. होडी गळते हे माहीत असूनही ठेकेदाराने माणसं पाठवली, एवढं दाखवता आलं तर ती नुसती हयगय राहत नाही. त्याहून गंभीर गुन्हा होतो, आणि त्या गुन्ह्याला मुदत नसते. सात वर्षांनीही फिर्याद देता येते, नदीच्या अलीकडच्या, आपल्या जुन्या तालुक्याच्या कोर्टातसुद्धा. अडचण आहे ती साक्षीदाराची. होडीतले दुसरे दोघे पोहून निघाले, पण ते कामाला दूर कुठे गेले, कुणाला पत्ता नाही. ठेकेदाराला माहीत होतं, हे सांगणारं माणूस लागेल. ते नसेल तर कदाचित खरंच काही होणार नाही. पण या वेळी मी तुला "काही होणार नाही" असं सांगणार नाही. दार आहे. जायचं की नाही ते तू ठरव.

ही चारही पत्रं उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकते. पावती रोजनिशीला टाचून ठेवेन, म्हणजे टाकली नाहीत असं स्वतःला फसवता येणार नाही.

तुझी,
संयू


बुधवार, ११ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

फोनवर आपण बोललो, तरी हे कागदावर लिहिते आहे. उद्या तुझ्या हातात देईन. कारण त्यात तू सांगितलेलं आहे, आणि ते तुझ्याच शब्दांत राहिलं पाहिजे.

आधी सकाळचं. कॉलेजच्या जिन्यात होते, तेव्हा मोबाईलवर तुझ्या आवाजातला निरोप आला. सात वर्षांनी. मी पायरीवरच बसले. "संयू, पत्रं पोचली. चारीबी वाचली, दोनदा वाचली. राग गेला न्हाय माझा, तेवढं ध्यानात ठेव. चंद्रावरच्या चौघांस्नी न्याव दिलास, आता खाली उतर. फोटू धाडलाय, त्यो बघ. पंचांनी एक बाजू चुकीची लिवल्या."

फोटो पंचनाम्याचा होता. तू तो जपून ठेवला आहेस हे मला माहीत नव्हतं. घड्या पडून फाटायला आलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. "पश्चिमेस: पाणी" यातलं पाणी पेन्सिलने खोडलेलं, आणि शेजारी तुझं सातवीतलं अक्षर: पश्चिमेस काठ. काठावर मी. हातात डबा.

मी पायरीवरूनच फोन लावला. त्यानंतर आपण जे बोललो ते आठवेल तसं इथे उतरवलं आहे.

मी: तू तिथे होतीस?

तू: मग कुठं असणार? डबा कोण न्हेणार हुतं?

मी: बोलली नाहीस कधी.

तू: बोललो की. म्या डोळ्यानं बघितलं, असं तुला दहादा म्हटलो. तू म्हणालीस, शांत हो आक्का.

(हे खरं आहे. मला वाटलं होतं, तू दाजींना बाहेर काढलं तेव्हाचं म्हणते आहेस. मी वकील होते आणि साक्षीदार माझा हात धरून बसला होता, आणि काय बघितलं, हा एक प्रश्न मी विचारला नाही.)

मी: ठेकेदार काय म्हणाला ते ऐकलंस?

तू: माझ्या पुढ्यात म्हटला. ह्यांनी होडीतलं पाणी तांब्यानं उपसून त्याला दावलं. म्हटले, मालक, तळातनं येतंय. तो म्हटला, एक खेप करून या, एका खेपंत काय बुडत न्हाय. मग ह्यांनी तांब्या माझ्याजवळ दिला. म्हटले, धर, आलोच.

मी: तांब्या?

तू: घरात हाय. त्यातनं कुणी पाणी पीत न्हाय.

आक्का, हे नीट वाच. माझा एकही शब्द त्यात शिरला असेल तर पेन्सिलने खोड. मी सुचवलेलं काही बोलू नकोस. तू जे बघितलंस आणि ऐकलंस तेवढंच शपथेवर सांगायचं. तेवढं पुरेसं आहे. पुरेसं म्हणजे काय, आक्का, तेच तर नव्हतं. सात वर्षं मी समजत होते की या प्रकरणाला चारी बाजूंनी पाणी आहे, आणि एका बाजूला तू उभी होतीस.

वकीलपत्र मी घेणार नाही. त्या ठेकेदाराची फाईल ज्या ऑफिसात होती तिथे मी बसत होते, मला ते घेता येणार नाही आणि घेऊही नये. माझ्याबरोबर शिकलेली अदिती घेते आहे. तिने माझ्याकडून तुझं बोलणं ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "फिर्याद उद्याच दाखल करू. एवढी साक्ष असल्यावर थांबायचं कशाला?" मी बाकावर तुझ्या शेजारी बसेन. ते करायला कुठलंच बंधन नाही, मी पुस्तक उघडून पाहिलं.

दुपारी माझ्या जुन्या साहेबांना फोन करून सांगितलं. त्यांना दुसऱ्याकडून कळू नये, एवढ्यासाठी. ते म्हणाले, "संयोगिता, नीट विचार कर." मी म्हणाले, सात वर्षं केला, सर. आणि फोन ठेवला.

आणि शेवटच्या तासाला, दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, ते कलम फळ्यावर लिहिलं. चारही ओळी. मागच्या बाकावर वर्षाराणी उगीच येऊन बसली होती, तिचा तो वर्गही नव्हे. तिने ते पुन्हा आपल्या वहीत उतरवून घेतलं. पोरांनी विचारलं, "मॅडम, परीक्षेला येणार काय हे?" मी म्हणाले, येणार. माझ्या परीक्षेला उशिरा आलं.

मी न्यायला येते म्हटल्यावर तू म्हणालीस, "स्टॉपवर उभारणार न्हाय मी. दारात ये." येते.

रोजनिशीत मी रोज शेवटी दुसऱ्या दिवसाचं एकच काम लिहून ठेवते. आज ते याच कागदावर लिहिते.

उद्या: सकाळी नऊ, उचगाव. गल्लीच्या तोंडाशी न थांबता दारापर्यंत जायचं.